खालचा खण

सासूबाई : हे वळ आजचे नाहीत, जावईबापू.

जावई : जरा घट्ट बांधला गेला असेल, आई.

सासूबाई : घट्ट कसला, डायपरच लहान झालाय. पट्टी पोटापर्यंत पोचत नाहीये, तुम्ही ओढून ओढून चिकटवलीत. आणि हातात घेऊन बघा, केवढा जड झालाय. कधी बदलला होता?

जावई : सकाळी.

सासूबाई : आता दुपारचा चहा झाला.

जावई : ती रडली नाही.

सासूबाई : म्हणजे तिने गळा काढेपर्यंत थांबायचं? ठमे, उचल गं पाय. बघा, मांड्या कशा लालबुंद झाल्यात नातीच्या माझ्या. पोरीच्या बुडाशी कसली काटकसर करताय?

जावई : पैशांचं नाही ते. वरच्या खणातले संपत आलेत.

सासूबाई : मग आणा की. कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे.

जावई : दुकानातले तिच्या हातचे नसतील.

सासूबाई : म्हणजे?

जावई : दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने सगळे पुडे फोडून खणात रचून ठेवले. पुडा वाजला की ही दचकून उठते म्हणून. अंगात ताप होता. मी म्हटलं, राहू दे, परत आलीस की कर. ऐकलं नाही. एकेकावरून हात फिरवून ठेवला तिने. परत तर आलीच नाही. हे संपले की संपलं सगळं, आई.

सासूबाई : म्हणून लेकराला ओल्यात ठेवता?

जावई : पुरवून वापरतो. एक सांगू? वेड लागलंय म्हणू नका.

सासूबाई : मी कुठली म्हणतेय. मलाच कुठे धड झोप लागते.

जावई : मी भांडी घासत असलो की या खोलीतून पट्टी सोडल्याचा आवाज येतो. चर्र. आधी एक, मग दुसरी. ती सोडायची तशीच, सावकाश. धावत येतो तर ही जागी असते, दाराकडे बघून हसत असते. दारात मी असतो, पण बघते माझ्या मागे.

सासूबाई : आणि डायपर? बदललेला असतो?

जावई : नाही. ओलाच असतो.

सासूबाई : मग ती नव्हे. माझी लेक इथवर आली असती, तर पोरीला ओल्यात टाकून गेली नसती.

जावई : आई...

सासूबाई : डोळे पुसा आणि तो कापूस द्या इकडे, कोमट पाण्यात बुडवून. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. हं. आता घटकाभर उघडीच राहू दे, वारा लागेल. खालचा खण उघडलात कधी?

जावई : तो अडकतो.

सासूबाई : जरा उचलून ओढा.

(खण उघडल्याचा आवाज.)

जावई : हे मोठे आहेत.

सासूबाई : पुढच्या मापाचे. त्यांच्या मागे त्याहून मोठे. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.

जावई : आणि हे तर चड्डीसारखे आहेत, उभ्याने चढवायचे. चालत्या पोरांचे. ही अजून पालथीसुद्धा पडत नाही.

सासूबाई : पडेल हो.

जावई : सगळे तसेच रचलेत. हात फिरवून. दोन दिवसांत घरी येते म्हणाली होती मला. दोन दिवसांसाठी जाणारं माणूस इतक्या पुढचं ठेवून जातं? तिला कळलं होतं का, आई?

सासूबाई : मला काही बोलली नाही. मीही तेव्हा विचारलं तिला, अगं बाई, एवढे आत्तापासून कशाला.

जावई : मग?

सासूबाई : माझ्याकडे न बघता रचत राहिली. म्हणाली, त्यांना मापं कळत नाहीत.