यादीत नसलेले हिंगमिरे सर

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, एक विचारायचंय. माणसाला संशय येतो तो दुसऱ्याच्या वागण्यामुळं, की स्वतःच्या आतल्या धाकधुकीमुळं? लगेच उत्तर देऊ नका — आधी ऐका!

एका विद्यापीठात हिंगमिरे सर होते. गणिताचे मोठे प्राध्यापक, स्वतःचं एक पुस्तक लिहिलेले. त्यांच्या हाताखाली उज्ज्वला धोत्रे नावाची मुलगी पीएचडी करत होती. प्रबंध तयार झाला. सोमवारी जमा करायचा, नाहीतर मुदत संपून सगळे कष्ट पाण्यात! अडलं होतं फक्त सरांच्या सहीवर. सरांनी प्रबंध घेतला आणि उघडला कुठून? मागून! शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते ना! लग्नपत्रिका आली की आपणही आधी आपलंच नाव बघतो — हसताय काय, बघता की नाही?

सरांनी यादीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. खेडकरांचं नाव आहे, हिंगमिऱ्यांचं नाही! आता हे खेडकर म्हणजे शेजारच्या खोलीतले प्राध्यापक, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. झालं, पाल चुकचुकली! ही मुलगी परवा खेडकरांच्या खोलीत चहा पीत होती... त्यांनीच कान भरले असणार — म्हाताऱ्याचं पुस्तक उडव म्हणून!

उज्ज्वलाला बोलावलं. सहीचं नंतर, म्हणाले, आधी माझ्यासमोर कॉम्प्युटर उघड. तिनं लेटेक उघडलं. लेटेक म्हणजे काय? प्रबंधाची पानं जुळवणारं सॉफ्टवेअर. सगळ्या पुस्तकांची नोंद एका फाइलीत ठेवायची, मजकुरात जिथं आधार घेतला तिथं नुसती खूण करायची, की शेवटची यादी ते आपलं आपण करतं. फाइल उघडली, तर सरांचं पुस्तक सगळ्यात वर! नाव, साल, प्रकाशक, सगळं बरोबर.

मग संशय गेला? छे! तो उठला आणि कॉम्प्युटरवर जाऊन बसला! खेडकरांनी यातच काहीतरी फिरवलंय, सर म्हणाले.

"नाही सर," उज्ज्वला म्हणाली. "मजकुरात ज्याची खूण असेल, त्याचंच नाव ते यादीत घेतं. तुमच्या पुस्तकाची खूण कुठं करू, तेवढं दाखवा."

एवढंच ना! सरांनी पेन्सिल घेतली आणि — मार्गदर्शक बरं का! — पहिल्यांदाच तो प्रबंध पहिल्या पानापासून वाचायला घेतला. हा सिद्धान्त? खेडकरांचा. ही रीत? कुणा परदेशी बाईंची. त्यापुढचं सगळं उज्ज्वलाचं स्वतःचं. पानं संपली, पण पेन्सिल कुठंच टेकली नाही. वाईट वाटतं हो. आयुष्य गेलं होतं त्या माणसाचं त्या पुस्तकात.

तरी म्हणाले, खूण न करता नाव घालायची काही सोय असेलच की.

टोमणा नव्हता मंडळी, सहीसाठी जीव टांगणीला लागला होता तिचा. ती म्हणाली, "आहे सर. एक आज्ञा दिली की नाव यादीत येतं. फक्त आतल्या मजकुरातून कुणी त्या नावापर्यंत येत नाही. घालू का?"

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी प्रबंध ओढला, सही केली. म्हणाले, "नको."

आणि आपण? देणगीच्या पाटीवर नाव खाली गेलं म्हणून ट्रस्टींकडं वाकडं बघणारे समोरच बसलेत, दिसतायत मला! सुनेनं चारचौघांत आपलं नाव घेतलं नाही — कुणी शिकवलं तिला? शोधा, खुशाल शोधा! पण त्याआधी तिचा आजचा दिवस उघडा, सकाळच्या चहापासून. त्यात आपण कुठं तिच्या उपयोगी पडलो, त्या जागेवर बोट ठेवा.

ठेवा की. मी थांबलोय.