एका पोस्टकार्डाइतकं लांब

तो डबा राहू द्या, बाई. तो विकायचा नाही. बाकी टेबलावरचं सगळं तुमचं — हा काडतुसं भरायचा प्रेस, हे साचे, तराजू, हा व्हर्नियर, ही पितळ कापायची चरकी — सगळं न्या. हो, चिठ्ठीवर ‘सगळं एकदम’ असंच लिहिलंय, मीच लिहिलंय आणि दाणावैरणीच्या दुकानातल्या फळीवर मीच टाचलंय, पण डबा त्यात धरलेला नव्हता. तुम्हाला तरी काय करायचाय, कॉफीचा जुना डबा तो, आत नुसत्या पितळेच्या नळ्या आहेत, बार उडवून झालेल्या, रिकाम्या. बसा की जरा. बसा त्या स्टुलावर — नाही, तसं ते व्हर्लिनचं आहे, माझ्या मित्राचं, पण तो गुरुवारी येतो, आज मंगळवार, बसा तुम्ही. तुम्ही स्वतः भरता काडतुसं? नाही. मग नवरा? तोही नाही. बरं, मला काय करायचंय, घेणाऱ्यानं घ्यावं, देणाऱ्यानं द्यावं. फक्त एवढं सांगतो, कुणासाठी नेत असाल त्याला सांगा, पितळ मोजल्याशिवाय भरू नको म्हणावं. पितळ वाढतं. लोकांना खरं वाटत नाही, पण वाढतं — बार उडाला की आतल्या जोरानं नळी फुगते, मग साच्यात दाबून परत बारीक केली की पितळ पुढं सरकतं, लाटणं फिरवलं की कणीक कडेला पळते ना, तसं. दर बाराला थोडं. एकदा वापरलेलं आणि सहादा वापरलेलं एकाच डब्यात पडलं की बुटकी-उंच सगळी एका पंगतीला. वरून बघून कळतं होय? तुम्हाला नाही कळायचं, मलाही नाही. एका पोस्टकार्डाच्या जाडीइतका फरक असतो. म्हणून एक-एक उचलायचं, मोजायचं, लांब असेल ते कापायचं.

आणि नाही कापलं तर? तर काय — शंभरात नव्वद वेळा काहीच होत नाही. हेच तर वाईट आहे. होत नाही, होत नाही, माणसाला वाटतं उगाच एवढा खटाटोप केला. आणि मग एखाद्या वेळी ते लांब तोंड रायफलीत पुढं जाऊन अडकतं, गोळीला चिमटा बसतो, तिला सुटता येत नाही, आणि तो सगळा जोर मागं येतो. माणसाकडं. त्याच्या तोंडाकडं. चहा देऊ? कॉफी आहे, सकाळची आहे पण गरम करतो. नको? बरं.

आम्ही दोघं करायचो हे. तो मोजायचा, मी कापायचो. एक्केचाळीस वर्षं, दर गुरुवारी, याच गॅरेजात. व्हर्लिनचा डोळा असा की व्हर्नियर लावायच्या आधीच सांगायचा, ‘लांब’, आणि लावून बघितलं की लांबच. मोठ्यानं म्हणायचा — लांब, बरोबर, बरोबर, लांब — आणि मी चरकी फिरवायचो, आणि मधेच म्हणायचा, ‘इंगवाल, कापतोयस की दाढी करतोयस तिची?’ आर्डिस, माझी बायको, आतून ओरडायची, ‘तुम्ही दोघांनी एकमेकांशीच लग्न करायचं होतं, माझा तरी जीव सुटला असता.’ मग तिचा सुटलाच. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात. नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेताय, तुम्ही ओळखत नव्हता तिला.

तर मे महिन्यात त्या खडीच्या खाणीत व्हर्लिन रायफलीचा नेम बघायला गेला. एकटाच गेला. मी म्हटलं होतं येतो, मग म्हटलं कंबर धरलीय. दोन बार नीट झाले. तिसऱ्याला गेला उजवा डोळा. बार काढताना डोळे वाचवायचा चष्मा लावत नाही तो, कधीच लावला नाही, सांगून सांगून थकलो — म्हणजे त्याचीही चूक आहेच की थोडी, आहे की नाही? आणि रायफल त्याच्या बापाची, साठ-सत्तर वर्षांची. दवाखान्यात गेलो तर अर्धं तोंड बांधलेलं आणि मला म्हणतो, ‘म्हातारी दगा देऊन गेली रे.’ रायफलीला म्हणाला. सगळ्या गावानं तेच धरलं. जुनी रायफल, जुनं लोखंड, व्हायचंच होतं. मीही मान डोलावली. आता लोक म्हणतात ते खोडायला मी कोण?

काडतुसं? काडतुसं माझीच होती. नाहीतर कुणाची असणार.

पण ते ऐका, म्हणजे कसं झालं ते तुम्हाला कळेल. आर्डिसला पुरलं त्या आठवड्यात भरली ती. घरात चर्चमधल्या बायकांचा ठिय्या — बटाट्याची भांडी, शेवयांची भांडी, ठेवायला जागा नाही, आणि प्रत्येकजण खांद्यावर हात ठेवणार. मी पळून इथं आलो. तर इथंही त्या येऊन गेलेल्या. झाडून काढलंय, टेबल पुसलंय, आणि डबे — माझे तीन डबे असायचे, कापलेलं डावीकडं, मोजायचं मधे, लांब उजवीकडं — ते तिन्ही डबे एका रांगेत फळीवर, उंचीनं लावलेले. दिसायला छान. मला सांगा, चांगुलपणा करायचा तर विचारून करावा ना? कुठला डबा कुठला, कुणाला ठाऊक. म्हणजे चूक म्हणाल तर ती तिथं झाली. असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. तुम्ही मान हलवू नका, ऐकून घ्या. तसं झालं नाही ते.

मी मोजलं होतं. एक उचलून मोजलं. लांब होतं. दुसरं उचललं, तेही लांब. म्हणजे डबा कुठला ते मला कळलं, बाई, लांबांचा, हाच हा, पुरतं कळलं. व्हर्नियर हातात होता, चरकी समोर होती, कापायला अर्धा तास लागला असता. पण मोजायचं म्हणजे व्हर्लिनचं काम, आणि तो तिकडं कबरीशी माती सारखी करत बसलेला, आणि इथं ‘लांब, बरोबर’ म्हणणारं कुणी नाही — आणि मला वाटलं, एका पोस्टकार्डाचं काय घेऊन बसलायस. बायको गेली. बायको गेल्यावर पितळ किती लांब आहे याला काही अर्थ आहे? कशालाच नव्हता. म्हणून भरली. वीस भरली, डबीत घातली, वर नीट अक्षरात ‘कापलेली’ असं लिहिलं आणि त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, ‘अरे, माझ्याशिवाय?’ मी म्हटलं, ‘एकेक मोजलंय.’

हे मी कुणाला बोललो नाही. मुलगी स्पोकेनला असते, तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही पलीकडच्या खोऱ्यातल्या म्हणालात, सामान गाडीत घालून निघून जाल, म्हणून. खाई त्याला खवखवे म्हणतात, तर गेले पाच महिने नुसतं खवखवतंय. आणि तो येतो हो. अजून येतो, दर गुरुवारी, एका डोळ्यानं गाडी चालवत येतो, पायरीवर ठेचकाळतो, आणि या स्टुलावर बसतो. मागच्या आठवड्यात म्हणाला, ‘शिकारीचा सीझन आला इंगवाल, वीस भर माझ्यासाठी, यंदा डाव्या डोळ्यानं बघू.’ आता काय म्हणू मी त्याला? भरू? हात पुढंच होत नाही. नाही म्हणू? मग का ते सांगावं लागतं. म्हणून म्हटलं प्रेसच विकून टाकू — नाही प्रेस, नाही प्रश्न. दहादा तोंड उघडलं सांगायला. या गुरुवारी सांगणारच होतो, खरंच, प्रेस गेल्यावर, आधी ही जागा मोकळी झाली की.

काय म्हणालात? कुठं बघितलीत अशी, या डब्यातल्यासारखी?

खिडकीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत, ओळीनं उभी केलेली. गोळ्या काढलेली, रिकामी. किती होती? नाही, तुम्ही कशाला मोजाल, बरोबर आहे. सतरा असतील. काही उंच होती ना? खाली पाटासारखी सपाट चौकट, मागून ऊन, त्यात दिसतं उंच कुठलं ते. कुणाचं स्वयंपाकघर, बाई? तोंड का पडलं तुमचं?

म्हणजे पलीकडच्या खोऱ्यातल्या नाहीच तुम्ही, त्याच्या नव्या शेजारीण. डोळ्याच्या डॉक्टरकडं तुम्हीच नेता त्याला. म्हणून म्हटलं, ही बाई किंमत विचारत नाही, साचे कुठल्या मापाचे ते विचारत नाही. व्हर्लिननं धाडलंय तुम्हाला. कुणासाठी नेतेय ते सांगू नका म्हणाला. आणि आणखी? सांगा, आता काय राहिलंय. ... ‘तो काही सांगायला लागला तर सांगू देऊ नका, लगेच निघा.’ असं म्हणाला? याच शब्दांत?

कधीपासून आहेत त्या खिडकीत? मेपासून. दवाखान्यातून आला त्या दिवसापासून.

म्हणजे मोजली त्यानं. एका डोळ्यानं बसून सगळी उघडली, मोजली, आणि मग इथं येऊन पाच महिने माझी कॉफी प्यायला. वीस भर म्हणाला. मला वाटलं विश्वासानं म्हणतोय. नाही हो, दार उघडून धरलं होतं त्यानं, बघत होता मी आत येतो का. आणि मी काय केलं, तर दुकानात जाऊन चिठ्ठी टाचली. ती वाचून त्यानंही ओळखलं असणार, हा काही बोलायचा नाही. मग तुम्हाला धाडून त्यानं दार लावून घेतलं. आता मी सांगायला गेलो तरी तो ऐकणार नाही, मी ओळखतो ना त्याला, एक्केचाळीस वर्षं. म्हणेल, ‘यंदा बर्फ लवकर पडेल असं दिसतंय.’ मी म्हणेन, ‘हो, दिसतंय खरं.’ येईल तो, गुरुवारी येईलच. दोघांतला एक मरेपर्यंत आम्ही बर्फाविषयी बोलू.

उचला ते सामान. जड आहे, खालून धरा. पैसे नकोत — नकोत म्हटलं ना, त्याचे पैसे घेऊ मी? आणि त्याला सांगा की इंगवाल म्हणाला — नाही. काही सांगू नका. गेले, सामान घेतलं, आले, एवढंच सांगा. म्हातारा गप्प होता म्हणा.

जा तुम्ही.