हर्षाच्या लॅपटॉपवरचं लिनक्स

लाखनीला बसमध्ये चढल्यावर करुणाने डोळे मिटले खरे, पण मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोने तिला काही झोपू दिलं नाही.

"हर्षाचे बाबा, एका पेनड्राइव्हसाठी भंडाऱ्याले काहून चाललो आपण?"

"दुकानवाला त्याच्यात नवीन लिनक्स भरून देते. पोरीनं घरी ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी. विंडोजपेक्षा एकदम हलकं."

"पयले ते कुत्र्याच्या नावाचं लिनक्स, पप्पी का काय, टाकलं होतं ना तुमी? त्याच्यात काय वाईट होतं?"

"काही नाही. फटकन चालू होये."

"आन् आता हाय ते, उंदराच्या चित्राचं?"

"तेही चांगलं हाय. पयले वायफायच लागे नाही. मंग मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. हर्षानं पुण्याहून फोनवर सांगू-सांगू जमवलं."

"भाजी थंडी झाली तरी तुमी बाप-लेक बोलूनच राहिले होते."

"मंग काय. एक-एक अक्षर इचारून टाकलं मी."

"आता चालते ना सगळं?"

"चालते ना. तेच तर."

"तेच तर काय?"

"रविवारी फोन केला तिले. म्हणे, बाबा, काही अडलं का? मी म्हटलं, नाही, सगळं चालते. म्हणे, बरं, ठेवते मंग."

बस थांबली, माणसं चढली, बस पुन्हा निघाली. करुणाने डोळे उघडले होते.

"हर्षाचे बाबा."

"काय वं?"

"दुकानवाल्याले म्हणा, या वेळी जरा अवघडातलं दे."