ज्याची पाळी त्याचा पाव्हना

माझं नाव हिराबाई. माह्यार वरल्या अंगाला, डोंगरात, आन् दिल्या घरी आले ती हितं भंडारदऱ्याच्या धरनाकाठी. काय सांगू ताई तुमाला, नवी नवरी मी, सकाळी दार उघडलं तर म्होरं नुस्तं पानीच पानी, मी सासूला म्हनलं आत्याबाई, केवढं हो पानी, किती झ्याक दिसतंय. तर सासू म्हनली, झ्याक काय त्यात, आपली खाचरं हायेत त्याच्या बुडाला. जुन्या लोकांच्या येळची गोष्ट ती, धरन झालं, समद्या वाडीची भाताची खाचरं पान्याखाली गेली, आन् मानसं वर वर सरकत गेली. आमच्या घरच्यांनी जिथं पानी थांबलं तिथंच कूड घातला, बाकीची चढावर गेली. म्हनून माझं घर पान्याकडलं आन् वाडीतल्या सखूचं पार वर, करवंदीच्या जाळीपल्याड. ह्यात माझी कर्तबगारी काय, सांगा बरं.

आमच्यात भाताची आवनी सावडीनं करत्यात. सावड म्हंजी आज समदी वाडी तुज्या खाचरात, उद्या माज्या, परवा तिसऱ्याच्या. मजुरी न्हाई काई न्हाई, फकस्त ज्याचं खाचर त्यानं दुपारची भाकर घालायची. कुनाचं मोठं कुनाचं लहान, त्याचा हिशेब कोन करत न्हाई. आमचं मालक गेले ते ऐन आवनीत गेले, रोपं पिवळी पडाया लागली हुती आन् मी आपली भिताडाला टेकून बसलेली, पोरगं कडंवर. तर ही सखू, सोता रांडाव बाई, माझ्या आधी तिचं कपाळ पांढरं झालेलं, दारात हुबी राहिली न म्हनली, हिरा, आज सावड तुझी हाय, उठ, भाकरी थाप. ताई, पाळी तिची हुती. तिनं तिची पाळी मला दिली, आन् तिचं उलीसं खाचर त्या साली तसंच पडून राहिलं. मी हे इसरनारी बाई न्हाई.

मंग हे पाव्हन्यांचं सांगते. जेठात काजवं लागले की ममई, पुन्याच्या गाड्यांची ही रांग. आमच्याच काठाला बाहेरचे ठेकेदार तंबू ठोकायचे, आमच्या बाया त्यांची खरकटी भांडी घासायच्या, आन् सकाळी बाटल्या बी आमीच येचायच्या. दिवाळी झाली की आमी नारानगावच्या बाजारात मजुरीला जाऊन हुबं राहनार, पोरींच्या शाळा बुडनार. आमच्या बचत गटाच्या बाया बसल्या न म्हनल्या, पाव्हनं आपल्याच घरी का उतरू ने? पन कुनाच्या घरी, ह्याच्यावर भांडनं लागली. मंग मीच म्हनलं, आवनी कशी करतो? तसंच करू. ज्याची पाळी त्याचा पाव्हना.

संडास बांधले ते बी सावडीनं, समद्या घरांचे. पहिल्या पाव्हन्यांना आमी राजूरच्या बाजारातून पनीर आनून घातलं, आपल्याला वाटलं शेरातली मानसं, तर त्या बिचाऱ्यांनी कसंबसं गिळलं न म्हनले, मावशी, तुमी सोता काय खाता ते वाढा की. लई हसलो आमी. पन बसलं गाडं रुळावर. नारानगावला जायाचं बंद झालं, पोरी आश्रमशाळेतून फुडं तालुक्याला, अकोल्याच्या कालेजात गेल्या.

आन् मंग आला कंपनीवाला. पायात पांढरे बूट, गोड बोलनारा. म्हनला मावशी, तुमच्या घराचा फोटू मोबाईलवर टाकतो, पान्याकडलं घर हाय, लोकं ह्येच मागत्यात, बाकीच्या घरांची कटकट कशाला. माझा दत्तू, नगरला हाटेलात राबून परत आलेला, त्याला हे लई पटलं. म्हनला आई, गिऱ्हाईक पैसे देतंय, त्याला आवडंल ते घर त्यानं घ्यावं, ह्यात पाप काय? आता त्याचं बी काई अगदीच खोटं न्हवतं. पन मी म्हनलं, न्हाई म्हंजी न्हाई. तरी त्यानं मला न सांगता कंपनीवाल्याला हो म्हनून टाकलं.

शनवार हुता, भर दुपार. सखूची पाळी. तिनं सकाळधरनं घर सारवलेलं, कोंबडं कापलेलं, वर हुबी राहून वाट बघतीय. आन् गाडी आली ती थेट माझ्या दारात. सखूनं वरून बघितलं, पदर सावरला न माघारी घरात गेली. ते मला लागलं बघा, काळजात. मी उठले, घराला कुलूप घातलं, चावी कनवटीला खोचली आन् उंबऱ्यावर बसले. कंपनीवाला म्हनला मावशी, बुकिंग ह्याच घराचं हाय, समोरचं पानी बघायला आल्यात मानसं. मी म्हनलं, बाबा, हे पानी समद्या वाडीच्या खाचरांवर हुबं हाय. सखूच्या सासऱ्याचं खाचर बी त्याच्याच बुडाला हाय. मंग ते बघायचं भाडं माझ्या एकटीला कसं? जेवान वर हाय. पानी बघाया संध्याकाळी या, माझा वटा मोकळाच हाय.

दत्तू म्हनला आई, चावी दे. मी म्हनलं, ये, घे. आला न्हाई तो. पाव्हनं लई चिडले, एक बाई तर आमाला अडानी म्हनली. म्हनू दे. भूक लागल्यावर मानूस चढ चढतंय. गेले गुमान, आन् जेवले बी पोटभर.

कंपनीनं मंग आमच्या वाडीचं नावच मोबाईलवरून काढलं, आन् तवर समदं गिऱ्हाईक मोबाईलवर बघूनच याया लागलेलं. काजव्याचा अख्खा हंगाम घरं मोकळी. देवळात बाया जमल्या न माझ्यावर घसरल्या, हिराच्या ताठ्यापायी आमच्या चुली इझल्या म्हनाया लागल्या. सखू कोपऱ्यात मान खाली घालून. मी म्हनलं, बरं हाय, बोलवा त्याला, मोडा पाळी, माझंच घर भरंल, माझं काय जातंय? पन मंग आवनीला बी सावड न्हाई. ज्याचं खाचर त्यानं लावावं. मला हाक मारू नका, मी बी मारनार न्हाई. आवनी तर दारात आलेली. मंग म्हातारी गंगूबाई उठली न म्हनली, उद्या कुनाच्या खाचरात जायाचं ते बोला. झालं, पाळी टिकली.

आता पाव्हनं येत्यात, एकाचं ऐकून दुसरं. पहिल्याइतकी येत न्हाईत, खोटं कशाला बोलू. दत्तू माझ्याशी लई दिस बोलला न्हाई. आता रस्त्यावर हुबा ऱ्हातो, पाव्हन्याची बॅग घेतो न ज्याची पाळी त्याच्या दारात नेऊन ठिवतो, आन् वर मला ऐकवतो, आई, तुज्यापायी आपलं शिमिट-सल्याबाचं पक्कं घर बांधायचं राहिलं. म्हन बाबा. माझ्या कुडाच्या घरात मला झोप चांगली लागती. उद्या दुसरा कोन कंपनीवाला आला तर कुलूप हाय आन् उंबरा बी हाय.

आता ताई, तुमी दुपारधरनं माझ्यापाशी बसलाय, चहा पेला, मन मोकळं केलं माझं, लेकीवानी वाटाया लागलाय. तुमची पिशवी पन हितंच ठिवलीया, पान्याकडंच ऱ्हायाचं म्हनता. पन न्हाई जमायचं. आज पाळी सखूची हाय. वर बघा, धूर निघतोय, चूल पेटवलीय तिनं. उठा, भाकर गरम हाय तवर जावा. देव तुमचं भलं करो.