तेरावा धबधबा

उमाकांत : हात लावू नकोस त्याला. टॅब्लेट आहे तिथेच राहू दे, टेबलावर. आधी सांग, तेरावा धबधबा कोणी ओलांडला?

अमोघ : बाबा, गेम आहे तो.

उमाकांत : मला शिकवू नकोस. अडुसष्ट वर्षांचा माणूस लुळ्या हाताला पट्ट्याने टॅब्लेट बांधून, मनगट वळवत रोज त्या गेममधल्या नदीत फळीवर नाचतो, ते काय हौस म्हणून? कोणी ओलांडला?

अमोघ : तुम्हीच ओलांडला असेल. विसरला असाल.

उमाकांत : अर्धांगाच्या झटक्याने हात गेलाय अमोघ, डोकं शाबूत आहे.

विद्युलता : अहो, हळू. समोरच्या कनका मामी दार उघडून बघतायत.

उमाकांत : बघू दे. त्यांनाही कळू दे की मी बरा झालो. आज अड्यारला सेंटरवर गेलो. माझी फिजिओ जननी दारातच उभी. "अंकल, काँग्रॅट्स! तेरावा धबधबा, हवेत दोन कोलांट्या, एकदाही पाण्यात पडला नाहीत. मनगट पूर्ण वळलं!" सेंटरमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या वॉकरवाल्या राघोत्तमनेसुद्धा. आणि मग म्हणाली, तुमची दहाची वेळ सोमवारपासून दुसऱ्या पेशंटला दिलीय.

विद्युलता : म्हणजे फिजिओथेरपी बंद?

उमाकांत : बंद. बऱ्या माणसाला कशाला लागते?

विद्युलता : मग तिथल्या तिथे सांगायचं नाही का, की हे मी केलेलं नाही?

उमाकांत : टाळ्या वाजत होत्या गं. काय सांगणार? मान डोलावली आणि बाहेर पडलो मुकाट्याने.

अमोघ : गेमचा रिपोर्ट आपोआप तिच्याकडे जातो हे मला माहीत नव्हतं.

उमाकांत : म्हणजे तूच.

अमोघ : हो. मीच. गुरुवारी तुम्ही दुपारी झोपला होतात, मी घरूनच काम करत होतो. सहज हातात घेतला. तुम्ही ढाली साठवल्या होत्या, पंख साठवले होते. सगळे वापरले. दहा मिनिटांत झालं.

उमाकांत : दहा मिनिटांत! ऐकलंस विद्युलता? चोवीस दिवस मी त्या धबधब्यात आपटतोय. ढाल घेतली तर दगड लागत नाही, पंख घेतले तर आपोआप उडतं. ते न घेता जा, असं जननीने बजावलं होतं, म्हणून साठले ते. आणि या शहाण्याने ते उधळले.

अमोघ : मला वाटलं, सकाळी उठून चौदावा धबधबा दिसला की तुम्हाला बरं वाटेल.

उमाकांत : तीस वर्षं इथल्या आवडी गावातल्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो मी. गेज लावल्याशिवाय एका नटावर शिक्का मारला नाही. वरून फोन यायचे, महिनाअखेर आहे, सोडा. नाही सोडलं. आणि माझ्या घरात, माझ्याच हातावर, माझा मुलगा न मोजता पासचा शिक्का मारून मोकळा! लाज वाटत नाही?

अमोघ : पोदुम, बाबा! पुरे आता. चोवीस दिवस तुम्ही पडताय आणि ऐकतोय मी. हॉलमध्ये छपाक, की कॉलवर माझं बोलणं तुटतं. रोज पन्नास वेळा छपाक. पुढे तुमचा तो सुस्कारा.

विद्युलता : अमोघ, गुरुवारीच तो मेल आला होता ना?

अमोघ : आई, प्लीज.

उमाकांत : कसला मेल? तुम्हा दोघांना माहीत आहे आणि मला नाही?

विद्युलता : जर्मनीचा. कंपनी दोन वर्षांसाठी पाठवतेय त्याला. चार तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय.

उमाकांत : अच्छा. म्हणजे तुला मी बरा झालेला नको होतो. बरा झाल्याचा कागद हवा होता.

अमोघ : हो! हवा होता! काय चुकलं? सिरुसेरीला ऑफिसला जाऊन-येऊन तीन तास जातात. घरी आलो की तुमची तेलमालीश, तुमचे व्यायाम. कधी तक्रार केली? एकदा, फक्त एकदा वाटलं की बाबा बरे झाले असं कुठेतरी लिहून यावं, म्हणजे हो म्हणताना छातीत दुखणार नाही. आणि तुम्ही तरी कुठे खरं खेळता? डाव्या हाताने खालून टेकू देता. मी दारातून पाहिलंय. रोज.

विद्युलता : अमोघ!

अमोघ : विचार त्यांना.

विद्युलता : अहो... खरं का हे?

उमाकांत : पाणी दे जरा.

विद्युलता : हे घ्या. सावकाश.

उमाकांत : जर्मनीला हो म्हणायचं की नाही, ते तू ठरव. माझ्या मनगटावर ढकलू नकोस. जायचं तर मी असा आहे हे धरून जा. राहायचं तरी तसंच. कळलं?

अमोघ : कळलं.

उमाकांत : आता जननीला फोन लाव.

अमोघ : मेसेज टाकतो.

उमाकांत : मेसेज नाही. तोंडाने सांग. माझ्यासमोर.

(अमोघ फोन लावतो. पलीकडचं ऐकू येत नाही. तो तमिळमध्ये बोलतोय.)

अमोघ : जननी? मी अमोघ, उमाकांत अंकलचा मुलगा... तेराव्या धबधब्याबद्दल बोलायचं होतं. तो बाबांनी नाही ओलांडला. मी ओलांडला... हो, मीच खेळलो... नाही, त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊकच नव्हतं... नाही जननी. हात बरा झालेला नाही. त्यांची वेळ परत मिळेल का? कुठलीही चालेल, सकाळी सातचीसुद्धा. मी घेऊन येईन... सेरी, बरं, थांबा, विचारतो. बाबा, ती म्हणतेय नवीन फॉर्म भरावा लागेल. मनगट खरं किती वळतं?

उमाकांत : अर्धं.

अमोघ : अर्धं म्हणतायत.

उमाकांत : थांब. ते डाव्याच्या टेकूने. टेकू काढला तर पाव. पाव लिही म्हणावं.