भांड्यावरचं बेबी

माहा जलम रामपायलीचा जी. बाप भंडाऱ्याकडचा, कामासाठी इकडं हिंदी मुलखात आला अन् इकडचाच झाला, तं आमी घरी मराठी, बाजारात हिंदी, अन् राग आला का दोन्ही. भांड्यावर नाव टाकाचं काम बापाचं, थेच माह्या हाती आलं. वारासिवनीच्या बाजारात भांड्याच्या दुकानापुढं बसतो. आता सारे मशीननं टाकते, घर्र केलं का झालं, मी अजून छिन्नी-हातोडीनं, टक टक टक, एकेक ठिपका.

काय सांगू तुमाले, भांडं हाती आलं का त्या घरची गोष्ट समजते. मामाकडून भाचीले, थे लग्न. अमक्याच्या स्मरनार्थ, थे मरन. दोघा भावांचं नाव एका गंजावर, मोठ्या पातेल्यावर, अन् मंग एकाचं खोडाले घेऊन येते, तं समजाचं, वाटनी झाली. लोकं सांगत नाई, मी इचारत नाई.

मले एकच पोट्टी, शालिनी. घरी बेबी. तिचं लग्न जमलं लालबर्ऱ्याले, आंदनाचे भांडे मीच घेतले, मीच नाव टाकाले बसलो, अन् हात असा चालला, असा चालला का गंजावर बेबी, ताटावर बेबी, गिलासावर बेबी. माह्या बुढीनं कपाळावर हात मारला, म्हने अहो, दुनियेचे नाव बरोबर टाकता अन् पोरीचंच काहून असं, शाळेचं नाव टाकाचं ना. मी म्हनलं, तोंडात थेच येते तं हातातही थेच येईन. लग्नात तिकडच्या बाया हासल्या, इवाई म्हने, कोन हे बेबी, दूध पिनारी का? पोरगीही हासली. तिचं थे हासनं मले दिसते, आयकू येत नाई.

मंग बेबीले कावीळ झाली अन् थे गेली. तिची पोरगी तवा नुकती चालाले लागलती. मी रडलो नाई. लोकं म्हनले, येईन रडू, धक्का बसला हाय. आलं नाई, आजही नाई. थंडीत हात सुन्न होते, हातोडी बोटावर बसली तरी समजत नाई, तसं हाय आतमंदी. जावयाले काई मांगतलं नाई, तिचं एक लुगडंही नाई. बुढी म्हने, एका ताटावर तिच्या स्मरनार्थ टाका, विहारात देऊ. ताट आनलं, छिन्नी टेकवली, अन् शाळेचं नाव टाकू का घरचं, थेच समजेना. कोरंच राह्यलं ताट.

मागच्या बाजाराले एक बाई आली थैली घेऊन, संगं पोट्टी. पोट्टीले पाह्यलं तं माही नात. जावयानं दुसरं लग्न केलतं, थेच हे बाई, लग्नाले मी गेलो नवतो, येनंजानंच राह्यलं नवतं. बाई पाया पडली, पोट्टीले म्हने, नाना हैं, पैर छुओ. मंग थैलीतून गंज काढला, म्हने बाबूजी, सासूबाई म्हनते हे नाव बुजवून तुझं टाकून आन, दुसऱ्याकडं न्याले मले बरं नाई वाटलं. मी म्हनलं, हौ. गंज मांडीवर घेतला, छिन्नी बेबीतल्या बेवर ठेवली, हातोडी उचलली.

तं पोट्टी वरडली, सारा बाजार पाहाले लागला. नाना, मत करो, इसपे मेरा नाम है! शाळेत जाते आता, अक्षर समजते, बोट ठेवून वाचलं, बे, बी. तिलेही घरी बेबीच म्हनते ना सारे, तं तिले वाटे घरातले सारे भांडे तिचेच. हे तिच्या मायचं नाव हाय, कोनी सांगतलंच नवतं. मी बाईकडं पाह्यलं, बाईनं माह्याकडं. मंग तिनं गंज उचलला, थैलीत टाकला, म्हने राहू द्या बाबूजी, सासूबाईले सांगीन, हातानं ठोकलेलं नाव हाय, निघत नाई.

बरी बाई हाय जी थे, भलं होवो तिचं. घरी येऊन बुढीले सांगतलं, थे रडली, मी बसून राह्यलो. मंग थे कोरं ताट काढलं अन् टाकलं नाव, बेबी, स्मरनार्थ-गिरनार्थ काई नाई. विहारात नाई देत आता. पोट्टी आली तं त्यातच जेवाले देईन, तिचंच नाव हाय.