निवांतपणाची शिट्टी

…आणि वर मलाच विचारतो, "काय साडूभाऊ, निवांत वाटतंय ना?" आता मी बसलोय दगडावर, दगडाखाली मुंग्यांचं वारूळ, पाठीवर ऊन, समोर ओढा, ओढ्याला पाणी किती तर जेमतेम घोटा बुडेल एवढं, आणि हा गृहस्थ मनगटावरच्या घड्याळात बघत बघत विचारतो, निवांत वाटतंय ना म्हणून. निवांतपणा म्हणे निवांतपणा. तुम्हाला सांगतो, नोकरी एक वेळ सोसते, पण नोकरी सोडून शहाणा झालेला नातेवाईक सोसत नाही.

थांबा, मी मधूनच सुरू केलं. हा गृहस्थ म्हणजे माझा साडू, आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पंख्यांच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होता. गळ्यात कायम शिट्टी. जन्मभर ती फुंकून लोकांना कामाला लावलं, जेवायला सोडलं, घास तोंडात असताना परत उठवलं. कामगार त्याला पाठीमागं 'भोंगा' म्हणायचे. मी तोंडावरच म्हणणार होतो, पण ही डोळे वटारते.

तर या भोंग्याला एक दिवस साक्षात्कार झाला. राहता फ्लॅट विकला, दूर रानात खोपटं बांधलं आणि ताईला घेऊन चालता झाला. ताईला विचारलं होतं का? नाव नका काढू. वर फोनवर मला ज्ञान पाजळतो, "साडूभाऊ, समाज माणसाला घाण्याला जुंपतो हो. मी सुटलो. तुम्ही कधी सुटणार?" अरे बाबा, मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत बसतो. बिल जास्त आलं की अख्खं गाव माझ्यावर खेकसतं, जसं काही मीच रात्री जाऊन त्यांचे दिवे लावून आलो. मला नसेल का सुटायचं? पण सुटून जायचं कुठं, याच्या खोपटात?

ही मात्र हट्टाला पेटली. "ताईला बघून किती दिवस झाले, जाऊन तर येऊ." गेलो. आणि तेच रडगाणं गायला बसलोय तुमच्यापुढं, की गेलो दोघं आणि परत आलो मी एकटा. नाही नाही, तसला चेहरा नका करू, वाघानं वगैरे नाही नेलं. चांगली ठणठणीत आहे. तीच तर पंचाईत आहे.

बस जिथं सोडते तिथून पुढं नुसती पायवाट. आणि माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, कारण समाजावर लाथ मारलेल्या या महापुरुषानं मागवलं काय काय, तर बॅटरीचे सेल, डासांच्या अगरबत्त्या, चहापत्ती, पायदुखीचं मलम, बटाटे आणि दाढीची ब्लेडं. रानात दाढी कुणासाठी करतो हो हा? माकडांसाठी? समाज यानं सोडला आणि हमाली माझ्या नशिबी. निवांतपणा म्हणे निवांतपणा.

पोचलो, पाठ टेकली, डोळा लागतोय न लागतोय तोच कानाशी शिट्टी. मी ताडकन उठून उभा. मला वाटलं आग लागली. तर म्हणे, "सकाळचा निवांतपणा सुरू." म्हणजे काय, तर ओढ्याकाठी मुकाट बसायचं. मग शिट्टी. मग झाडाखाली पाठ टेकून ढग बघायचे. मी बघत होतो हो प्रामाणिकपणे, तर हा डोक्याशी उभा राहून म्हणतो, "साडूभाऊ, तुमचं ढगांकडे लक्ष नाही." आता ढगांकडे लक्ष म्हणजे नेमकं कसं द्यायचं? पळून जाणारेत का ते? मग पुन्हा शिट्टी, निवांतपणा संपला, आता लाकडं गोळा करा. माणूस कारखान्यातून बाहेर पडला, पण कारखाना गळ्यात बांधूनच घेऊन आला.

आणि हे सगळं चाललेलं असताना ताई काय करत होती विचारा. ओढ्यावरून पाणी. चूल फुंकणं. भांडी घासायला पुन्हा ओढा. तिच्या कामाला ना सुरुवातीची शिट्टी ना संपल्याची. ही गेल्या गेल्या पदर खोचून तिच्या जोडीला लागली. आता त्यात नवल काय? घरीही हेच करते. मी तर लक्षसुद्धा दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र घोळ झाला. दुपारी ही सहज म्हणून झाडाला बांधलेल्या झोळीत आडवी झाली. शिट्टी झाली. मी उठलो, ताई उठली, ही ढिम्म हलेना. भोंग्यानं परत फुंकली. हिनं कूस बदलली. मग तो अगदी कानापाशी जाऊन गाल फुगवून अशी काही फुंकतो की वरचे दोन पक्षी उडाले. ही डोळे मिटूनच म्हणाली, "भाऊजी, ती जरा इकडे द्या बघू." आणि सांगायची गोष्ट म्हणजे, त्यानं दिली. अख्खा कारखाना ज्याला टरकायचा, त्यानं निमूटपणे गळ्यातून काढली आणि हिच्या हातात ठेवली. हिनं ती उशाखाली सरकवली आणि घोरायला लागली. ताईनं एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा पाण्याच्या घागरीकडे, आणि घागर तिथंच ठेवून ती पण बुंध्याला टेकून बसली.

झालं, भोंगा सैरभैर. झाडाला एक फेरी, ओढ्याला एक फेरी, मग माझ्यापाशी येऊन हळूच विचारतो, "साडूभाऊ, आता काय करायचं असतं?" मी म्हटलं, मला काय विचारता, निवांतपणातले तज्ज्ञ तुम्ही. संध्याकाळी आम्ही दोघांनी बटाटे उकडले. म्हणजे वरून जळाले आणि आतून कच्चे राहिले. त्या दोघी मिटक्या मारत खात होत्या, आणि कशाला हसत होत्या देव जाणे.

निघायच्या दिवशी मी पिशवी भरून उभा, परतीची बस दिवसातून एकच, संध्याकाळची. ही झोळीतून म्हणते, "अहो, तुम्ही व्हा पुढं."

"पुढं म्हणजे? तू कधी येणार?"

"बघू."

"अगं, तिथं काय कमी आहे तुला? पंखा आहे, पलंग आहे, दोन खुर्च्या गच्चीत आहेत."

तिनं पायानं झोळीला एक झोका दिला. मग शांतपणे म्हणाली, "तिथं मी नुसती बसले ना, की तुम्ही विचारता, बरं नाही का तुला?"

आता यात मी काय चूक विचारलं? काळजी करायची नाही का माणसानं? बायको बसलेली दिसली तर कुणीही विचारेल. तुम्ही विचारत नाही? बसमध्ये सगळ्या रस्ताभर मला हेच लागून राहिलं होतं. घरी आलो, कुलूप काढलं, आणि गच्चीतल्या त्या दोन खुर्च्यांतल्या एकीवरच बसल्याची खूण दिसली. दुसरी कोरी करकरीत. वाईट वाटलं हो. खोटं कशाला बोलू.

बरं, एकटेपणाची सवय करावी म्हणतोय तर आठवड्याच्या आत दारात कोण उभा? भोंगा. हातात वळकटी. "साडूभाऊ, तिथं शिस्त राहिली नाही." तेव्हापासून इथंच मुक्काम. त्याला फार करमतंय, कारण आमच्याकडे कुकर आहे. मी कांदा चिरत असतो आणि हा गॅसपाशी हात वर करून उभा, "एक झाली… दुसरी झाली… साडूभाऊ, उठा." याच शिट्ट्यांना ही इतकी वर्षं उठत होती म्हणा. तेव्हा मोजल्या कुणी?

काल धीर करून फोन केला. म्हटलं, रविवारी आम्ही दोघं येतो तिकडं, बटाटे घेऊन. तिकडून ही म्हणते, "या की. पण संध्याकाळच्या बसनं परत जा हं. तुम्ही असलात की निवांतपणा राहत नाही."

निवांतपणा म्हणे निवांत… ऐकलीत? तिसरी झाली. बसा तुम्ही. मला उठायला हवं.